कोळशाची मिशी

वैरणीचा भारा काढायला ट्रॅक्टर-ड्रायव्हरची बायको शिडीवर चढली, शिडीची तिसरी पायरी मोडली आणि ती खाली आली ती थेट उजव्या हातावर. मनगट मोडलं. दवाखान्यात कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत प्लास्टर चढवून डॉक्टर म्हणाले, "सहा आठवडे या हाताने चमचासुद्धा उचलायचा नाही." बाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते हातासाठी नव्हतं. परतताना जीपमध्ये बसल्या बसल्या ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होती, "अहो, मास्तरणीची धार कोण काढणार?"

मास्तरीण म्हणजे त्यांची म्हैस. गोठ्यात उभी राहून रवंथ करता करता ती येणाऱ्या-जाणाऱ्याकडे अशी बघायची, की जणू आत्ता वही मागेल. ती पारडू होती तेव्हापासून बाईने तिला हाताने वाढवलेलं. तिचं स्वतःचं पारडू थंडीत गेलं होतं आणि तरीही ती बाईच्या हाताला दूध देत होती. त्या उन्हाळ्यात घर तिच्यावरच चाललं होतं. जमीन तापून अशी टणक झाली होती, की नांगराचा फाळ वाकायचा. मालकाने ट्रॅक्टर झाडाखाली उभा करून ड्रायव्हरला सांगितलं होतं, पाऊस पडला की ये. म्हणजे तोवर सकाळ-संध्याकाळच्या दोन बादल्या हेच काय ते उत्पन्न.

"त्यात काय एवढं?" ड्रायव्हर म्हणाला. "पन्नास घोड्यांचं इंजिन सांभाळतो मी. एक म्हैस नाही सांभाळता येणार?"

ड्रायव्हर अंगाने दांडगा, आवाजाने त्याहून दांडगा, आणि या सगळ्याच्या वर त्याची मिशी. तिला रोज तेल, रोज पीळ. टीव्हीवर इंजिनच्या तेलाची एक जाहिरात लागायची. तिच्यातला मिशीवाला गडी बॉनेट उघडून गरजायचा, "दम असेल तर हात लावा!" ड्रायव्हरही जेवता जेवता त्याच्याबरोबर गरजायचा. मग त्याचा नऊ वर्षांचा पोरगाही. पोराने तर गेली दोन वर्षं रोज सकाळी चुलीतला कोळसा घेऊन ओठावर मिशी काढायचा नेम धरला होता. शाळेत मास्तर पुसायला लावायचे; घरी आला की दप्तर टाकायच्या आधी तो ती परत काढायचा. ड्रायव्हरला याचं कोण कौतुक! "वाघ आहे माझा," असं म्हणून तो पोराला चारचौघांत पुढे करायचा. पडला, खरचटलं, तरी पोरगा रडायचा नाही. रडायला लागला की बाप म्हणायचा, "काय रे पोरीसारखा?" आणि पोरगा आवंढा गिळायचा.

दुसऱ्या दिवशी पहाटे ड्रायव्हरने बादली उचलली तेव्हा पाच वर्षांची धाकटी दारातच आडवी आली.

"बाबा, ते आईचं काम आहे."

"असं कोण म्हणतं?"

"टीव्हीतली आईच दूध आणते. बाबा पेपर वाचतो."

"मी कधी गं पेपर वाचला?"

धाकटीने विचार केला. "तू नुसता बसतोस," ती म्हणाली.

बाईने तोंड फिरवून हसू लपवलं. ड्रायव्हर गोठ्यात शिरला. तिथे दोन पाट होते. एक म्हशीच्या अलीकडे, एक पलीकडे भिंतीशी. पलीकडचा त्याच्या पायात आला, तो त्याने लाथेने कोपऱ्यात ढकलला आणि अलीकडच्यावर बसून सडाला हात घातला. मास्तरणीने मान वळवून त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग मान दुसऱ्या बाजूला नेऊन भिंतीकडे पाहत राहिली. ड्रायव्हरने दाबलं, पिळलं, चुचकारलं, दात-ओठ खाल्ले. अर्ध्या तासात बादलीचा तळसुद्धा झाकला नाही. कास मात्र तशीच तट्ट.

"पान्हा चोरतेय ती," बाई दारातून म्हणाली. "आधी कोमट पाण्याने कास धुवा. बोटांना तेल लावा. आणि गुणगुणा काहीतरी."

"काय गुणगुणू?"

"काहीही. मी नुसतं हं हं करते." तिने एकदा मागे पाहिलं. "आणि पोराला घेऊन बसा जवळ."

पोरगा तिच्या मागेच उभा होता. त्याने आईकडे असे डोळे वटारून पाहिलं, की ती पुढचं बोललीच नाही.

"त्याला कशाला? त्याला शाळा आहे," ड्रायव्हर म्हणाला आणि हं हं करायला लागला. त्याचं हं हं ऐकून कोंबड्या गोठ्याबाहेर गेल्या.

तीन दिवस असे गेले. दुधाच्या केंद्रावर माप घेणारा किटलीत डोकावून म्हणायचा, "ड्रायव्हर, हे नुसतं वास घ्यायला आणलंय का?" रांगेतले बाप्ये हसायचे. बाईने डाव्या हाताने करून पाहिलं, पण वाकलं की उजव्यात अशी कळ जायची की ती पांढरीफटक पडायची. गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी कास चाचपली आणि सांगितलं, "पूर्ण धार निघाली नाही, तर आठवड्याभरात आटेल. कासेला सूज येईल ती वेगळीच. इंजेक्शन देऊन दूध सोडायला लावता येतं, पण मी देणार नाही. एकदा तिला त्याची सवय लागली की संपलं."

शेजारच्या काकू हे सगळं कुंपणावरून ऐकत होत्या. सल्ला देण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"अहो, तिला बाईमाणूस पाहिजे," त्या म्हणाल्या. "मुकं जनावर आहे, त्याला वास कळतो, कपडा कळतो. हिची मॅक्सी घालून बसा. डोक्याला तिचा रुमाल बांधा, हातात बांगड्या घाला. बघा कशी सोडते!"

"मी? मॅक्सी?"

"मग आटू द्या."

ड्रायव्हरने संध्याकाळपर्यंत दम धरला. मग बायकोची फुलाफुलांची मॅक्सी डोक्यातून घातली. ती खांद्यात टर्रकन उसवली आणि पोटऱ्यांवर येऊन थांबली. बांगड्या पंजातून जाईनात, म्हणून त्या सुतळीत ओवून मनगटाला बांधल्या. डोक्याला रुमाल. रुमालाखाली मिशी. बायको भिंतीला टेकून इतकी हसली, की प्लास्टर पोटाशी धरून खाली बसली. चार दिवसांत ती पहिल्यांदा अशी मोकळी हसली होती, म्हणून ड्रायव्हरने तेही सोसलं.

आणि म्हैस पाव बादली दूध देऊन मोकळी झाली! पाव म्हणजे काहीच नाही, पण आधीच्या मानाने पुष्कळ. काकू कुंपणावरून म्हणाल्या, "मी सांगितलं नव्हतं?" झालं. आता मॅक्सी सुटायची नाही.

बातमी गल्लीभर व्हायला एक सकाळ पुरली. संध्याकाळी गोठ्यासमोरच्या बुटक्या भिंतीवर पोरांची रांग बसलेली. कुणी शिट्टी मारली, कुणी ओरडलं, "ड्रायव्हरबाई, चहा ठेवा!" इंजिनच्या तेलाची जाहिरात तर सगळ्यांनाच पाठ. एकाने बारीक आवाज काढून म्हटलं, "दम असेल तर हात लावा गं!" आणि भिंतभर हशा पिकला. ड्रायव्हरचे कान तापले. त्याला उठून एकेकाचा कान पिळता आला असता, पण त्या मॅक्सीत पटकन उठता येत नव्हतं. मास्तरीण भिंतीकडच्या बाजूला मान करून वाट पाहिल्यासारखी उभी होती. त्या दिवशी पावसुद्धा भरली नाही.

पुढच्या दिवशी पोरगा शाळेतून आला तो शर्टाची बाही लोंबकळत, गाल सुजलेला. काय झालं विचारलं तर सरळ चुलीकडे गेला. कोळसा शोधून आधी मिशी काढली, ती नेहमीपेक्षा जाड. मग बापासमोर उभा राहिला.

"तुम्ही ते घालू नका."

"मला काय हौस आहे का रे?"

"नका घालू. आणि धार काढू नका."

"मग कुणी काढायची? तू?"

पोराचं तोंड उतरलं. मग अगदी खालच्या आवाजात त्याने विचारलं, "बाबा, तुमची मिशी गेली तर?"

"जातेय कुठे ती?" ड्रायव्हर हसला आणि त्याने मिशीला पीळ दिला. पोरगा हसला नाही. तो त्या मिशीकडे नीट निरखून बघत होता.

आठव्या दिवशी म्हशींचा व्यापारी आला. असल्या माणसांना बातमी कशी लागते कोण जाणे. त्याने मास्तरणीचे दात पाहिले, कास दाबली, शेपूट उचलली आणि भाकड जनावराचा भाव सांगितला. "आज थोडीफार ओली आहे म्हणून एवढे तरी. उद्या सकाळी टेम्पो घेऊन येतो. विचार करून ठेवा." बाई डाव्या हाताने मास्तरणीच्या शिंगांमधलं कपाळ खाजवत राहिली. म्हशीने तिचं प्लास्टर हुंगलं, चाटलं. ते पाहून ड्रायव्हरला तिथे थांबवेना. बाहेर जाऊन तो झाडाखालच्या बंद ट्रॅक्टरवर नुसताच बसला. पन्नास घोड्यांचं इंजिन! त्याला स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी शेवटचा प्रयत्न म्हणून तो पुन्हा मॅक्सी घालून बसला. भिंत पोरांनी भरलेली होतीच. त्याने कास धुतली, बोटांना तेल लावलं, हं हं सुरू केलं. तेवढ्यात भिंतीवरून कुणीतरी ढेकूळ मारलं, ते पत्र्यावर धाडकन आदळलं आणि मास्तरणीने लाथ झाडली. बादली एकीकडे, ड्रायव्हर दुसरीकडे. तो शेणात सपशेल बसला. रुमाल डोळ्यावर आला, बांगड्यांची सुतळी तुटून बांगड्या घरंगळत गेल्या. पोरं भिंतीवरून पडायच्या बेताला आली.

ड्रायव्हर उठला नाही. उठून करायचं काय, हेच त्याला सुचेना.

तेव्हा पोरगा गोठ्यात आला.

त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि त्यात मिशी विरघळून हनुवटीपर्यंत काळे ओघळ आले होते. भिंतीवरची पोरं "रडतोय, रडतोय!" म्हणून ओरडली. त्याने तिकडे बघितलंसुद्धा नाही. कोपऱ्यात ढकललेला पाट त्याने उचलला, म्हशीच्या पलीकडे भिंतीशी ठेवला, बसला, कपाळ तिच्या कुशीला टेकवलं आणि दोन्ही हात खाली घातले. मास्तरणीने मान तिकडे वळवली, त्याचं डोकं एकदा हुंगलं आणि मोठा सुस्कारा सोडला.

"बादली," पोरगा म्हणाला.

ड्रायव्हरने चटकन बादली उचलून, पुसून खाली सरकवली. पहिली धार बादलीच्या तळावर खणकन वाजली. मग दुसरी. बारीक बोटं, पण त्यांची लय अशी, की वर्षानुवर्षं तेच काम केलेल्या माणसाची असावी.

"तुमच्याकडचे दोन तुम्ही काढा," पोरगा म्हणाला. "एकट्याने काढलेलं तिला चालत नाही. आई तिकडून काढते आणि मी इकडून."

ड्रायव्हर गुडघ्यांवर सरकत पुढे झाला. त्याने हात घातला आणि या वेळी सड हाताला भरलेले, उबदार लागले. दूध आपणहून येत होतं. चार धारा बादलीत पडायला लागल्या आणि आवाज खणखणाटाचा होता तो भरदार झाला, फेसाचा झाला. भिंतीवरची पोरं माना उंच करून बघायला लागली.

म्हशीच्या पोटाखालून बाप-लेकाला एकमेकांची तोंडं दिसत होती.

"कधीपासून?" ड्रायव्हरने विचारलं.

"दुसरीत होतो तेव्हापासून. पहाटे तुम्ही ट्रॅक्टरवर गेलात की, नाहीतर तुम्ही उठायच्या आधी. संध्याकाळी तुम्ही ओट्यावर असता तेव्हा."

"आणि मला नाही सांगितलं? तुझी आईही बोलली नाही?"

"मी तिला शपथ घातली होती."

"का रे?"

पोराने पुढच्या चार-सहा धारा काढल्या. "तुम्हीच म्हणाला होता," तो म्हणाला. "ओट्यावर सगळे बसले होते तेव्हा. धार काढणाऱ्या पोराला मिशा फुटत नाहीत म्हणून. सगळे हसले होते. मला धार काढायला आवडतं, बाबा. म्हणून मी रोज कोळशाची काढून ठेवतो. नाही आली तर कुणाला कळायला नको."

ड्रायव्हरचे हात थांबले. ओट्यावर तो रोज शंभर गोष्टी बोलायचा, त्यातली ही कुठली, हे त्याला आठवतसुद्धा नव्हतं. शेजारचा एक पोरगा बादली घेऊन चालला होता, त्याला बघून कदाचित. चारचौघांत फेकलेली, टाळी घेतलेली थट्टा. आणि इकडे एक पोर दोन वर्षं रोज सकाळी कोळसा शोधत होतं आणि बाप त्याला वाघ म्हणत होता. आवंढा गिळायची सवय त्यालाही होतीच, पण या वेळी त्याने गिळला नाही. तो तिथेच, मॅक्सीत, म्हशीखाली, पोराच्या आणि सगळ्या गल्लीच्या देखत रडला.

"इकडे ये," तो म्हणाला. पोरगा वळसा घालून आला. "ओढ ही मिशी. ओढ म्हणतो ना. आठ दिवस धार काढतोय मी. गेली का?"

पोराने मिशीचं टोक चिमटीत धरलं आणि जोरात ओढलं.

"आई गं!" ड्रायव्हर ओरडला.

"आहे," पोरगा म्हणाला आणि पहिल्यांदा हसला.

"मी खोटं बोललो होतो. थट्टा केली आणि खोटं बोललो. चुकलो मी." ड्रायव्हरने रुमालाने आधी पोराचं तोंड पुसलं, मग स्वतःचं. "जा, बस जागेवर. ती खोळंबलीय."

बादली काठोकाठ भरली. दारात बाई उभी होती. तिने डोळ्यांना पदरासारखं प्लास्टरच लावलं होतं.

सकाळी व्यापारी टेम्पो आणि दोर घेऊन हजर. ड्रायव्हरने त्याला खाट टाकून दिली, चहा दिला आणि म्हणाला, "बसा. आधी आमची धार होऊ द्या." आज त्याच्या अंगात बनियन होतं. बाप अलीकडे, लेक पलीकडे, आणि हं हं दोघांचं मिळून. व्यापाऱ्याचा चहा बशीत निवला. बादलीवर फेस चढलेला पाहून त्याने दोर गुंडाळला आणि म्हणाला, "दुभत्याचा भाव सांगू का?"

"दोर जपून ठेवा," बाई दारातून म्हणाली. "इथे नाही लागायचा."

केंद्रावर जाताना किटलीची कडी एकीकडून बापाने आणि एकीकडून लेकाने धरली होती. पोराचा ओठ धुतलेला, स्वच्छ. चहाच्या टपरीवरून कुणीतरी खडा टाकलाच, "काय ड्रायव्हर, आज मॅक्सी कुठे?"

"वाळत घातलीय," ड्रायव्हर म्हणाला. "तुला पाहिजे का? खांद्यात सैल करून ठेवलीय."

टपरी हसली, पण आता हसू विचारणाऱ्याच्या वाट्याला आलं. माप घेणाऱ्याने किटलीत पाहिलं, भुवया वर केल्या. "कुणी काढली?"

"माझ्या पोराने," ड्रायव्हर म्हणाला, आणि तो आवाज पन्नास घोड्यांचा होता. रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू गेला. "दोन वर्षं काढतोय. मला कालपर्यंत येत नव्हतं. आता तो शिकवतोय."

पोरगा मान खाली घालून उभा राहिला, पण कान लाल झाले होते आणि छाती पुढे आली होती. त्या संध्याकाळी भिंतीवरच्या रांगेतून दोघे खाली उतरले आणि दारात येऊन घुटमळले. आम्ही आत येऊन बघू का, असं त्यांनी विचारलं. पोराने त्यांना आधी हात धुवायला लावले.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. हात बारीक झाला होता, पण बोटं वळत होती. घरी आल्यावर बाई चहालाही थांबली नाही. बादली घेऊन सरळ गोठ्याकडे निघाली. तिच्या मागे ड्रायव्हर, त्याच्या मागे पोरगा.

गोठ्याच्या दारात धाकटी उभी होती. दोन्ही हात पसरून, वाट अडवून.

"आई, थांब. तू नको."

"का गं?"

"ते बाबाचं आणि दादाचं काम आहे. तुला कशी येणार धार? तुला मिशी कुठे आहे?"

तिघेही जागच्या जागी थांबले. ड्रायव्हरने पोराकडे पाहिलं, पोराने बापाकडे. मग बाई खाली वाकली आणि धाकटीच्या समोर उकिडवी बसली.

"खरंच की," ती म्हणाली. "मग आता काय करायचं?"

धाकटी धावत घरात गेली आणि दादाने कधीचा टाकून दिलेला कोळसा घेऊन आली. जीभ दातांत धरून तिने आईच्या ओठावर मिशी काढली, एक बाजू कानापर्यंत गेलेली. मग स्वतःच्याही ओठावर एक काढून घेतली, कारण तिलाही आत यायचं होतं. मास्तरणीने मान वळवून त्या दोघींकडे पाहिलं, बाईचं कपाळ हुंगलं आणि पहिल्या हातालाच पान्हा सोडला.